अडतीस वाव: लागार्टो प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, पुणे

बोट मिळाली. २४ ते २८ एप्रिल, थायलंडचं आखात. आगाऊ रक्कम भरून टाकली, त्यामुळे आता माघार घेतली तर खिशाला कात्री.

आम्ही चौघे. नौदलातून निवृत्त झालेले सर, नाशिकच्या डॉक्टर, तिकडच्या बेटावरचा एक मार्गदर्शक आणि मी. जायचंय यूएसएस लागार्टोवर. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पाणबुडी, बालाओ वर्गाची, ९५ मीटर लांब. ३ मे १९४५ रोजी ८६ जणांना घेऊन गेली ती गेलीच. २००५ च्या मेमध्ये जेमी मॅक्लाउड हा डायव्हर आणि त्याच्या सोबत्यांना ती ७० मीटरवर सापडली.

काम एवढंच: कॉनिंग टॉवर (पाणबुडीच्या डेकवरचा उंच मनोरा) आणि त्याच्या पुढची तोफ यांचे एकावर एक चढणारे फोटो काढायचे आणि घरी येऊन त्यांचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं. दोन डाइव्ह, प्रत्येकी तळावर २२ मिनिटं. म्हणजे चार महिन्यांच्या तयारीला एकूण पाऊण तासही नाही.

आईला फोनवर सांगितलं. संध्याकाळी शेजारच्या काकूंचा अभिनंदनाचा मेसेज: "पाणबुडीत नोकरी लागली म्हणे!" पाणबुडीही पाण्यात बुडते आणि पाणबुड्याही, आईची काय चूक.

१९ जानेवारी

वायूचा हिशेब. ७० मीटरवर दाब ८ बार, म्हणजे पृष्ठभागाच्या आठपट. साध्या हवेतला ऑक्सिजन तिथे १.६८ बार होतो, म्हणजे फेफरं येण्याच्या हद्दीत. नायट्रोजन ६.३ बार. दाबाखाली नायट्रोजन दारूसारखा चढतो; तेवढ्या नशेत माणूस घड्याळाकडे बघतो आणि हसतो. हवा बाद. हेलियम हवाच.

मी रीब्रीदरसाठी (सोडलेला श्वास गाळून, ऑक्सिजन घालून पुन्हा ओढायला देणारं यंत्र) १५/५५ धरलं होतं (१५ टक्के ऑक्सिजन, ५५ हेलियम, उरलेला नायट्रोजन). नशेच्या दृष्टीनं उत्तम. सरांनी कागद परत पाठवला, वर लाल पेनानं एकच शब्द: "घनता?"

घनता मी मोजलीच नव्हती. ८ बारला १५/५५ भरतं लिटरला ५.५ ग्रॅम. हल्ली ५.२ च्या आत राहा म्हणतात आणि ६.२ ओलांडायचं नाही. वायू जाड झाला की फुप्फुसांना तो हलवणं जड जातं, कार्बन डायऑक्साइड आत साठतो आणि माणूस धापा टाकायला लागतो. धापा टाकून तो आणखी साठतो. त्यातून स्वतःहून बाहेर येणं जवळपास अशक्य. साधी हवा तिथे १०.३ ग्रॅम. म्हणजे पूर्वी हवेवर एवढं खोल जाणारे नुसते धाडसी नव्हते, नशीबवानही होते.

१२/६५ घेतलं तर ४.६. ठरलं. मात्र १२ टक्के ऑक्सिजन पृष्ठभागावर नुसता ओढला तर भोवळ येऊन खेळ संपेल. सिलिंडरवर बोटभर उंचीच्या आकड्यांत लिहायचं: १२/६५.

२५ जानेवारी

बेलआउट, म्हणजे रीब्रीदर रुसला तर उघड्या रेग्युलेटरवर वर यायला लागणारा वायू. ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारला २२०० लिटर. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटर सहज ओढतो; खाली त्याचे होतात ३२०. पहिल्या तीन मिनिटांतच ९६० लिटर गेले, आणि अजून आपण तळ सोडलेला नाही.

एक सिलिंडर कागदावर पुरतो. दोन न्यायचे. शिवाय २१ मीटरपासून वापरायला ५० टक्के ऑक्सिजनचा एक, ६ मीटरला शुद्ध ऑक्सिजनचा एक. चार सिलिंडर काखेत लटकवून मी चालायला लागलो की लग्नातल्या वाजंत्र्यासारखा दिसतो, असं घरच्यांचं मत.

२ फेब्रुवारी

आज वाचन. लागार्टो समुद्रकाठी बांधलेलीच नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावात, मिशिगन सरोवराच्या काठी, गोड्या पाण्यात. त्या कारखान्यानं महायुद्धात २८ पाणबुड्या बांधल्या. नदी अरुंद म्हणून त्या आडव्या, कुशीवर ढकलून पाण्यात सोडायचे. मग शिकागोचा कालवा, इलिनॉय नदी, तरंगत्या गोदीवर चढवून मिसिसिपीतून न्यू ऑर्लिन्स. २८ पैकी चार परत आल्या नाहीत: रोबालो, गोलेट, कीट, लागार्टो.

तिचा कप्तान कमांडर फ्रँक लट्टा. यापूर्वी त्याच्याकडे नारव्हाल ही पाणबुडी होती, म्हणजे नवखा नव्हे. पहिल्या गस्तीत, २४ फेब्रुवारी १९४५ ला, आय-३७१ ही जपानी पाणबुडी बुडवल्याचं श्रेय लागार्टोच्या नावावर आहे. दुसऱ्या गस्तीवर ती १२ एप्रिलला फिलिपिन्समधल्या सुबिक बेहून निघाली. २ मेच्या रात्री बाया नावाची दुसरी अमेरिकन पाणबुडी एका ताफ्याच्या मागावर होती. रक्षक जहाजांनी तिला हुसकावलं. ३ मेच्या पहाटे दोघी भेटल्या, बेत ठरला: लागार्टोनं ताफ्याच्या वाटेत बुडी मारून दुपारी दोनला गाठ घ्यायची, बायानं त्याच वाटेवर दहा-पंधरा मैल पुढे थांबायचं. त्यानंतर लागार्टोशी पुन्हा कधीच संपर्क झाला नाही.

युद्धानंतर जपानी कागद हाती लागले. हात्सुताका या सुरुंग पेरणाऱ्या जहाजानं त्याच भागात, ३० फॅदम (सुमारे ५५ मीटर) पाण्यात, एका पाणबुडीवर हल्ला केल्याची नोंद त्यात होती. हात्सुताकाही पुढचे दोन आठवडे टिकली नाही. १६ मेला हॉकबिल या अमेरिकन पाणबुडीनं तिला बुडवलं.

१६ फेब्रुवारी

पोहण्याचा तलाव. डोळ्यांवर पट्टी, सर कुठलाही व्हॉल्व्ह बंद करणार, आपण चाचपून शोधायचा. डॉक्टर तीनदा पास, मी तीनदा नापास. चौथ्यांदा जमलं.

बाजूला पोरांचा पोहण्याचा वर्ग चालू होता. एकानं विचारलं, "काका, तुम्हाला पोहता येत नाही का?"

९ मार्च, गोवा

ग्रँड आयलंड. तिथल्या सुझी या बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर तोफ समजून वाफेच्या बॉयलरचे फोटो काढायचा सराव. ३१० फोटो, त्यातले निम्मे गढूळ. मॉडेल बरं झालं, पण एक धडा: जे हलतं ते जुळत नाही. शेवाळ डोललं की सॉफ्टवेअर गोंधळतं. लागार्टोच्या टॉवरवर मासेमारीची जाळी पांघरलेली आहेत असं तिथे जाऊन आलेले सगळेच सांगतात. त्याचं काय करायचं ते सुचत नाहीये.

३० मार्च, पाडवा

देवबागच्या मामांना फोन. आयुष्य समुद्रावर गेलं त्यांचं. म्हटलं, मामा, लागार्टो हे एका माशाचं नाव, आपल्या चोर बोंबलाच्या जातीतला. ते म्हणाले, "मग काट्यांका सांभाळ."

मग त्यांना ३० फॅदमचं कोडं घातलं. फॅदम म्हणजे आपला वाव, दोन्ही हात फैलावले की होतो तेवढा. जपान्यांच्या नोंदीत तीस वाव आणि प्रत्यक्षात पाणबुडी सत्तर मीटरवर, म्हणजे अडतीस वावांवर. आठ वावांचा फरक. मामा थोडा वेळ गप्प. मग, "वाव मोजल्यान कोणी रे? भियेलल्यान काय निवांत बसलल्यान?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं: समुद्रात जाळं एकाच जागी दोनदा फाटलं की तांडेल ती जागा डोक्यात ठेवतो, तिसऱ्यांदा तिथे जात नाही. लागार्टोसुद्धा अशीच सापडली. मॅक्लाउड मच्छीमारांना जाळी कुठे अडकतात ते विचारत फिरला होता.

१३ एप्रिल

बांधाबांध. सोडालाइमचे (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चुन्याचे) डबे, दोन कॅमेरे, चार दिवे, सुटे रबरी कडे एवढे की दुकान टाकता येईल. ऑक्सिजन सेल तीन बसवलेले, दोन सुटे पाकीटबंद.

सेलबद्दल दोन ओळी, कारण पुढे लागतील. रीब्रीदरमध्ये आपण काय ओढतोय ते हे तीन सेल सांगतात. आत शिसं असतं, ते हळूहळू खर्ची पडतं. ऑक्सिजन जितका जास्त तितके मिलिव्होल्ट जास्त. तिघांचं मतदान होतं. एक वेगळा बोलला तर यंत्र उरलेल्या दोघांचं ऐकतं. माझा नोकरीतला धंदाच मोजमापाच्या उपकरणांचा, त्यामुळे ही पद्धत मला कधीच आवडली नाही. दोन म्हातारे एका शहाण्याला बहुमतानं पाडू शकतात.

तिकडे आज सोंक्रानचा सण सुरू, सगळं थायलंड एकमेकांवर पाणी उडवतंय. बोटवाला तीन दिवस फोन उचलणार नाही.

२० एप्रिल, कोह ताओ

बँकॉक, रात्रीची बस, चुंफोन, फेरी. विमानतळावर रीब्रीदरची पेटी उघडून दाखवावी लागली. आतल्या नळ्या बघून सुरक्षा अधिकाऱ्यानं डॉक्टरांना विचारलं, पेशंट कोण? डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुपारी सत्ताकुटवर ३० मीटर. हीदेखील मुळात अमेरिकन नौदलाची, महायुद्धातली बोट. नंतर थाई नौदलाकडे आली आणि २०११ मध्ये मुद्दाम इथे बुडवली. शाळेच्या सहलीएवढी गर्दी होती.

२२ एप्रिल

५० मीटर, ट्रायमिक्सवर (हेलियम मिसळलेल्या वायूवर). सगळं सुरळीत. एवढं सुरळीत की सर अस्वस्थ.

२५ एप्रिल, समुद्रात

काल संध्याकाळी निघालो ते अजून चालतोच आहोत. बेटापासून जागा लांब, आखाताच्या बरीच मध्यावर. किनारा दहा-बारा तासांवर, त्यामुळे चेंबरही (डायव्हरवर दाबाखाली उपचार करायची बंद खोली) तेवढंच लांब. डॉक्टरांनी ऑक्सिजनचा साठा दोनदा मोजला आणि कुणाला पाठदुखी, गुडघेदुखी आहे का ते आत्ताच सांगा म्हणाल्या, नंतर सांगितलंत तर मी डेको सिकनेसच (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) समजेन.

सरांनी जेवणानंतर नियम सांगितले. हात लावायचा नाही. आत शिरायचं नाही, कितीही मोठं भोक दिसलं तरी. काही उचलायचं नाही, शिंपलासुद्धा. कायद्यानं ती अजून अमेरिकन नौदलाचीच आहे, आणि आत ८६ माणसं आहेत. शॉटलाइनचं (जिला धरून खाली उतरायचं त्या दोरीचं) वजन तिच्यावर न टाकता बाजूला पंधरा मीटरवर टाकायचं. नाखव्यानं सोनारवर तीन फेऱ्या मारल्या, वजन टाकलं, ते जरा लांब पडलं, पुन्हा ओढून पुन्हा टाकलं. या एका कामाला दीड तास लागला. तो बिचारा एकदाही कुरकुरला नाही.

बोट ३ मेला मिळत नाही का, असं सुरुवातीला कुणीतरी विचारलं होतं. बरं झालं मिळाली नाही. आपला त्या तारखेशी काय संबंध?

२६ एप्रिल

डाइव्ह १. माझ्यापुरती ६ मीटरवर संपली.

सकाळी वरच्या तपासणीत तिन्ही सेल ठीक. क्रमांक २ शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४६.२ मिलिव्होल्ट, हवेच्या आकड्यावरून अपेक्षित ४६.९. कुरकुरीला जागा नव्हती. पाच मिनिटं श्वास घेऊन बघितला. पाण्यात उतरलो, ६ मीटरवर थांबून लूप (रीब्रीदरमधला श्वास फिरतो तो मार्ग) ऑक्सिजननं भरला. इथे दाब १.६ बार, म्हणजे सेल क्रमांक २ नं ७४ मिलिव्होल्ट दाखवायला हवेत.

५८ वर येऊन थांबला. पुन्हा ऑक्सिजन सोडला. ५८. क्रमांक ३ रेंगाळत १.५ बारपर्यंत आला. क्रमांक १ सरळ १.५८.

म्हणजे क्रमांक २ ला १.२६ च्या पुढे बोलताच येत नाही. वर बोटीवर १ बारच्या पुढे तपासताच येत नाही, म्हणून तो तिथे सभ्य दिसला. आजचा सेटपॉइंट, म्हणजे यंत्रानं राखायचा ऑक्सिजनचा दाब, १.२. खाली सगळं छान दिसलं असतं आणि ऑक्सिजन १.६, १.८ झाला असता तरी याचा आकडा १.२६ च राहिला असता. एकटा असता तर बहुमतानं पडला असता, पण क्रमांक ३ त्याच खेपेतला आणि त्याच वाटेवर. दोघं मिळून क्रमांक १ ला खोटं ठरवणार.

मी अंगठा वर केला, म्हणजे वर जातो ही खूण. सरांनी माझा हँडसेट (सेलचे आकडे दाखवणारा) हातात घेऊन बघितला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते व डॉक्टर खाली गेले. मार्गदर्शक मला शिडीपर्यंत सोडून त्यांच्या मागे.

मग एक तास पंचेचाळीस मिनिटं मी बोटीच्या कडेला बसून दोरीकडे बघत होतो. नाखव्याच्या बायकोनं न विचारता भात आणि तळलेलं अंडं आणून दिलं. रडू आलं नाही, पण भात संपायला वेळ लागला.

सेल काढून तारखा बघितल्या. २ आणि ३ 'नवीनच आलेत' म्हणून मला दिले होते. अंगावरच्या कोडनुसार विकायच्या आधी वर्षभर कुठल्यातरी फडताळात पडून होते. विकणाऱ्याला काय म्हणायचं ते पुण्यात गेल्यावर. पण कोड मला वाचता येतो आणि मी तो वाचला नाही.

दोन्ही बदलले. सुटे आणले होते ते दोनच.

२७ एप्रिल

डाइव्ह २. ६ मीटर: १.५८, १.६०, १.५९. सरांना आकडे दाखवले. त्यांनी मान हलवली, आम्ही निघालो.

खाली जायला चार मिनिटं. ४० पर्यंत निळं, मग हिरवट, ५५ च्या पुढे कुणी ताक ढवळल्यासारखं. तळाशी सात-आठ मीटर दिसत असेल. ६८ वर डायल्युएंटनं, म्हणजे त्या १२/६५ नं, लूप धुतला, ०.९४ यायला हवं, तिघांनी तेच सांगितलं. मग डोकं शांत झालं.

शॉटच्या वजनापासून डॉक्टरांनी रीळ बांधलं आणि दोरी सोडत आम्ही तिच्या मागे. आधी पाणबुडी दिसलीच नाही. दिसलं जाळं. हिरवं, जाड, वर उभं राहिलेलं, त्याच्या तरंगत्या गोळ्या अजून वर ओढत होत्या. मग कळलं की ज्यावर ते उभं आहे ती भिंत म्हणजेच ती. ती सरळ बसली आहे, कलंडलेली नाही. माझ्या घड्याळात डेक ६३ वर.

तोफ. पाच इंची. अशा दोन होत्या तिच्यावर, टॉवरच्या पुढे एक, मागे एक; २००६ च्या जूनमध्ये अमेरिकन नौदलाचे डायव्हर आले तेव्हा ओळख पटवायला याच जोडीचा उपयोग झाला. तोफेच्या नळीवर शिंपल्यांचा थर आणि टोकाशी सिंहमाशांची जोडी. मी फोटो सुरू केले: एक हात अंतर, दोन सेकंदांना एक, गोल फेरी, मग थोडं वर, पुन्हा गोल. अकरा मिनिटं गेली. टॉवरपाशी चार मिनिटं. जाळं श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होत होतं, काही जमणार नाही हे तिथेच समजलं.

उरलेल्या वेळात सरांनी पुढे चला अशी खूण केली. डाव्या बाजूनं नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे गेलो. काल ते इथवर आले होते आणि रात्री त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

पत्रा फाटलेला. मोठं भोक, कडा मुडपलेल्या, आत काळोख. सर तीन मीटर लांब थांबले, मीही. दिवा आत मारला नाही. त्यानंतर नाळेवर टॉर्पेडोच्या नळीचं बाहेरचं दार, उघडं. नळी रिकामी. याचा अर्थ अभ्यासकांनी असा लावला आहे की बुडण्याच्या थोडं आधी तिनं टॉर्पेडो सोडला असावा. मी एवढंच लिहितो की दार उघडं होतं आणि त्याच्या ओठावर एक बोटभर लांबीचा खेकडा बसला होता, दिव्याच्या उजेडात तो आत सरकला.

२१ मिनिटं. डॉक्टरांनी दिवा आडवा हलवला. परत.

गोड्या पाण्यातल्या त्या गावाचं नाव तिच्या पंख्यावर (प्रॉपेलरवर) कोरलेलं आहे, नौदलाच्या डायव्हरांनी ते वाचलं होतं. पंखा मागे, आम्ही पुढे. मध्ये सत्तर-ऐंशी मीटर आणि नसलेली सात मिनिटं.

अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून थांबत वर यायचं; पहिला थांबा ३६ वर. मग तीन-तीन मीटर वर, दर थांब्याला मिनिटं वाढत. ९ मीटरला आल्यावर दोरी सोडून बोयाखाली वाहत निघालो, बोट लांबून मागे. ६ मीटरवर शेवटची चाळीस मिनिटं. पाणी २९ अंश, तरी शेवटी काकडायला होतं. डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं: "भूक?" मी लिहिलं: "पोहे." सरांनी पाटी घेतली, बराच वेळ काहीतरी लिहिलं. वाचलं तर: "क्र. १ चीही तारीख बघ."

एकूण ११४ मिनिटं. वर आल्यावर कुणालाच कुठे दुखलं नाही. डॉक्टर तरी रात्री दोनदा येऊन सगळ्यांची बोटं हलवायला लावून गेल्या.

२८ एप्रिल

परतीचा प्रवास. लाटा. कुणी फारसं बोललं नाही. क्रमांक १ ची तारीख बघितली, बरी आहे.

११ मे, पुणे

३९४ फोटो चढवले, संगणक रात्रभर पंख्यासारखा घरघरत होता. सकाळी तोफ तयार. नळीची तोंडाकडची कड, बैठकीचे खिळे, सिंहमाशाच्या जागी एक धूसर डाग; मासे हलले म्हणून सॉफ्टवेअरनं त्यांना गाळलं. टॉवरची मात्र लापशी झाली. जाळ्याच्या प्रत्येक फोटोत जाळं वेगळ्या जागी, त्यामुळे मॉडेलमध्ये हिरव्या चिंध्या आणि मधोमध भोक.

सरांना पाठवलं. उत्तर: "तोफ छान. टॉवर काढून टाक, खोटं दिसतंय." काढलं.

१८ मे

सेल विकणाऱ्याशी बोलणं झालं. तो म्हणाला, पाकीट उघडल्यापासून मोजायचं असतं. मी म्हटलं, शिशाला ते कुणी सांगितलं? पैसे परत मिळणार नाहीत, नव्या सेलवर सूट देतो म्हणाला. घेतली नाही.

बोटवाल्याचा मेसेज: पुढच्या वर्षी मार्चमध्ये चार दिवस मोकळे आहेत. डॉक्टर हो म्हणाल्या. या खेपेला पंख्याच्या बाजूनं सुरुवात करायची, असं मी धरून चाललोय. सरांना अजून बोललेलो नाही.

क्रमांक २ फेकला नाही. सर पुढच्या तुकडीला शिकवताना दाखवायला नेणार आहेत. डबीवर चिकटपट्टी लावून लिहिलं: वर ठीक, ६ मीटरला ५८.